गोठणाऱ्या किनाऱ्यावरील ड्राइव्हवे : प्रस्तावना

मराठी गृहस्थाच्या घराला ओटा असतो, पडवी असते, अंगण असते, परसू असते. वाड्याला देवडी असते आणि शेताला पाणंद असते. परंतु सार्वजनिक रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत मोटार नेण्यासाठी घरधन्याने स्वतःच्या हद्दीत, स्वतःच्या खर्चाने बांधलेली आणि पुढे आजन्म स्वतःच सांभाळावयाची अशी पक्की वाट आपल्या जुन्या वास्तुरचनेत कधी नव्हती, आणि म्हणून तिला नावही मिळाले नाही. पाणंद गावाची असते, बोळ दोन घरांच्या सामाईक मालकीचा असतो, देवडीपुढची जागा पेठेची असते. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, मेनपासून मॅसॅच्युसेट्सपर्यंत, येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी या वस्तूचे जे नाव कानी पडले तेच उचलले, आणि ‘ड्राइव्हवे’ हा शब्द आता तेथील मराठी घरांत ‘स्टेशन’ आणि ‘टेबल’ यांच्याइतकाच रुळला आहे. प्रस्तुत पुस्तकाच्या लेखकांनी नवा संस्कृत प्रतिशब्द घडविण्याच्या भरीस न पडता तोच शब्द कायम ठेवला, हे मला सर्वथा उचित वाटते. कारण ज्या घरमालकासाठी हे पुस्तक आहे त्याला उद्या कंत्राटदारापुढे उभे राहून बोलावयाचे आहे, आणि त्या बोलण्यात त्याला उपयोगी पडतील तेच शब्द त्याने शिकावे हे श्रेयस्कर.

लेखक व्यवसायाने स्थापत्य अभियंता आहेत. मी केवळ घरमालक. माझे पहिले घर मेन राज्यात पोर्टलंडनजीक समुद्रापासून अर्ध्या मैलावर होते, दुसरे बॉस्टनच्या उत्तरेस, आणि या दोन घरांपुढे मिळून मी तीन ड्राइव्हवे बांधून घेतले, त्यांतील एक केवळ दोन वर्षांत उखडून टाकावा लागला. प्रस्तावना लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच आहे. मात्र या अनुभवातून माझे एक मत इतके दृढ झाले आहे की ते प्रारंभीच सांगून टाकणे बरे. ड्राइव्हवेचा जो भाग आपल्याला दिसतो, ज्याचे आपण पैसे मोजतो आणि ज्याच्या काळ्याभोर तुळतुळीत पृष्ठाकडे पाहून शेजारी आपले अभिनंदन करतात, तो त्याचा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग होय. त्याचे आयुष्य ठरते ते खाली हात-दीड हात खोलीवर, आणि ते ठरविणारी वस्तू एकच आहे, पाणी.

थंडीने डांबर फुटते, अशी नवागताची समजूत असते. ती खरी असती तर क्वेबेकच्या अंतर्भागात, जेथे जमीन एकदा गोठली की महिनोन्महिने गोठलेलीच राहते, सर्वांत अधिक नुकसान दिसले असते. वस्तुतः सतत गोठलेली जमीन दगडासारखी निमूट असते. किनाऱ्याची गोष्ट वेगळी. समुद्राच्या सान्निध्यामुळे येथील थंडी सौम्य असते, बॉस्टनचे जानेवारीतील सरासरी तापमान शून्य अंश सेल्सियसच्या अगदी आसपास असते, आणि या सौम्यपणातच सारा घात आहे; कारण पारा एका दिवसात शून्याच्या खाली आणि वर ये-जा करतो, दुपारी वितळलेले पाणी भेगेत उतरते, रात्री गोठून ती भेग रुंदावते, दुसऱ्या दुपारी त्या रुंदावलेल्या भेगेत आणखी पाणी मावते, आणि हा क्रम नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत पुनःपुन्हा चालू राहतो. ईशान्येकडून येणारे वादळ, ज्याला येथील लोक ‘नॉरईस्टर’ म्हणतात, एकाच रात्रीत पाऊस, हिममिश्रित सरी आणि हिम ही तिन्ही आणते. शिवाय हवेत मीठ असते, आणि मिठाविषयी पुढे सविस्तर बोलावयाचे आहे.

आता जमीन. हा सर्व प्रदेश एके काळी मैलभर जाडीच्या हिमस्तराखाली दबलेला होता. त्या भाराने भूपृष्ठच खचले होते, आणि हिम मागे सरकू लागले तेव्हा खचलेल्या भूमीवर समुद्र आत शिरला. हिमनदांनी दळून आणलेले पीठासारखे बारीक कण त्या उथळ समुद्रात थर बांधून बसले. पुढे भार उतरल्यामुळे भूमी हळूहळू वर आली, समुद्र मागे हटला, आणि मेनच्या किनाऱ्यालगत प्रेझम्पस्कॉट नावाने ओळखली जाणारी निळसर करडी चिकणमाती उघडी पडली; बॉस्टनखालीही तशीच निळी माती आहे. जेथे ही माती नाही तेथे हिमनदीने आणून टाकलेला दगड, वाळू आणि गाळ यांचा मिश्र राडा आहे, अथवा केप ॲनसारख्या भागात हातभर मातीखाली थेट ग्रॅनाइटचा कातळ आहे, ज्याच्या खळग्यांत पाणी तळ्यासारखे साठून राहते. येथील शेतकऱ्यांना दर वसंतात शेतात नवे दगड वर आलेले दिसत. तेच उचलून त्यांनी बांधाच्या त्या मैलोगणती दगडी भिंती रचल्या, ज्या आज अरण्यातही आढळतात. तो दगड वर ढकलणारी शक्ती आणि माझ्या गॅरेजच्या दारापुढची फरसबंदी चार बोटे वर उचलणारी शक्ती एकच होती.

या शक्तीचे स्वरूप समजून घेतल्याखेरीज पुढचे काहीही समजणार नाही. पाणी गोठताना शेकडा ९ ने फुगते हे आपण शाळेत शिकतो, आणि जमीन उचलली जाते ती या फुगण्यानेच असे सहजच मानतो. साउथ कॅरोलायना विद्यापीठातील भूगर्भशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी १९२९ आणि १९३० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या समजुतीला धक्का दिला. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेन्झीन भरले. बेन्झीन गोठताना आकुंचन पावते. तरीही माती वर उचललीच गेली. याचा अर्थ असा की गोठणारा थर खालच्या ओल्या मातीतून नवे द्रव सतत वर खेचून घेतो, जशी दिव्याची वात तेल खेचते, आणि त्याच्या एकावर एक अशा चकत्या तयार होतात. त्या चकत्या जाड होत जातात तसतसा वरचा भार उचलला जातो. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये काम करणारे आर्थर कॅसाग्रांदे यांनी न्यू हॅम्पशायरमधील रस्त्यांचे निरीक्षण करून कोणती माती अशी उचलली जाते याचा निकष दिला: मिश्र कणांच्या मातीत ०.०२ मिलिमीटरहून सूक्ष्म कणांचे प्रमाण शेकडा ३ हून अधिक झाले की ती संशयास्पद समजावी. शंभरात तीन. ही मर्यादा इतकी तोकडी आहे की डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या खडीतही ती ओलांडली गेलेली असू शकते.

तेव्हा जमीन उचलली जाण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: सूक्ष्म कणांची माती, तिला पोचणारे पाणी आणि गोठविणारी थंडी. थंडीचा बंदोबस्त माणसाच्या हाती नाही; मॅसॅच्युसेट्समध्ये इमारतीचा पाया ४ फूट खोल न्यावा लागतो तो ती तेवढी खोल उतरू शकते म्हणूनच, आणि ड्राइव्हवेसाठी एवढे कोणी खणत नाही. उरली माती, जी काही अंशी बदलता येते, आणि उरले पाणी, ज्याला वाट काढून देता येते. या पुस्तकातील निम्म्याहून अधिक पाने याच दोन गोष्टींना दिलेली आहेत, आणि डांबराचे प्रकरण शोधणाऱ्या उतावळ्या वाचकाला ती आधी कंटाळवाणी वाटतील. त्याने धीर धरावा.

माझा पहिला ड्राइव्हवे मी धीर न धरता केला. ऑक्टोबर संपत आला होता, घराचा ताबा नुकताच मिळाला होता, आणि एका कंत्राटदाराने इतरांच्या निम्म्या दराने आठवड्याभरात काम करून देण्याचे कबूल केले. त्याने जुने उखडलेले डांबर खरवडून नेले, मातीवर दोन-तीन इंच खडी पसरली, तिच्यावरून रोलर एकदा फिरविला आणि दुसऱ्या दिवशी दोन इंच डांबर टाकले. थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत ते आरशासारखे होते. मार्च महिन्यात एके सकाळी गॅरेजचे दार खाली टेकेना. पुढची जमीन चार बोटे वर आली होती आणि वितळलेले पाणी उतरणीने गॅरेजच्या आत येऊ लागले होते. एप्रिलमध्ये ती जमीन पुन्हा खाली बसली, परंतु पूर्वीच्या ठिकाणी बसली नाही. दुसऱ्या हिवाळ्यानंतर चाकांच्या दोन्ही पट्ट्यांत मगरीच्या पाठीवर असते तशी चौकटीचौकटींची जाळी उमटली, आणि ते तुकडे बोटाने हलविता येऊ लागले. कंत्राटदाराचा दूरध्वनी तोवर बंद झाला होता. तक्रार करावी असा लेखी करारनामाही माझ्याजवळ नव्हता. होती ती एक पावती, तिच्यावर खडीची जाडी, डांबराची जाडी, यांपैकी एक अक्षरही नव्हते. त्या पैशाचे दुःख विसरले, पण त्या उन्हाळ्यात भारतातून आलेले माझे वडील त्या उंचसखल जागी अडखळून पडले, ते मला विसरता आले नाही.

दुसऱ्या वेळी काम घेतले ते एका वयोवृद्ध मुकादमाने. त्याने पहिल्या दिवशी अंदाजपत्रकही दिले नाही. पावसाची वाट पाहिली, आणि पावसात येऊन छपराचे पाणी पन्हाळीतून कोठे उतरते, शेजाऱ्याच्या उताराचे पाणी कोणीकडून येते, हे पाहून गेला. नंतर त्याने १८ इंच खणले. निळी माती उघडी पडली तेव्हा तिचा गोळा हातात दाबून त्याने मला दाखविला. बोटांमधून ओल आली. त्या मातीवर त्याने जाड कापड अंथरले, जे पाणी जाऊ देते परंतु चिखल वर येऊ देत नाही; त्यावर फुटलेल्या, धारदार कडांच्या खडीचे थर, एकेक थर सहा इंचांहून जाड नाही, आणि प्रत्येक थर दुरमुसून घट्ट केल्याशिवाय दुसरा नाही. खालच्या बाजूला छिद्रांची नळी पुरली आणि ती बागेच्या सखल कडेला उघडी सोडली. खडीचे काम पुरे झाल्यावर, डांबराची गाडी येण्याच्या आदल्या संध्याकाळी, त्याने गॅरेजच्या दाराशी घमेलेभर पाणी ओतले आणि आम्ही दोघे ते पाहत उभे राहिलो. ते रस्त्याकडे गेले, एके ठिकाणी मात्र क्षणभर थांबले. तेवढी जागा त्याने पुन्हा उकरली. फुटास पाव इंच, म्हणजे शंभरास दोन, हा उतार त्याला पाणसळीवर दिसत होताच. तरीही पाण्याने स्वतः साक्ष दिल्याखेरीज त्याचे समाधान झाले नाही. तो ड्राइव्हवे आजही त्या घरापुढे शाबूत आहे.

या मुकादमाने जे केले त्यात नवे असे काही नव्हते. ब्रिस्टलच्या रस्त्यांचा कारभार १८१६ साली हाती घेणारे जॉन लाउडन मॅकॅडम, ज्यांचे नाव आपल्याकडच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातील कारकुनालाही ठाऊक असते, त्यांच्या सर्व शिकवणुकीचे सार हेच होते की वाहनाचा भार शेवटी मूळची जमीनच पेलते, आणि ती कोरडी राहिली तर कितीही पेलते; वरच्या खडीचे काम तिला कोरडी ठेवणे. आपल्या देशावरच्या काळ्या मातीत ज्याने घर बांधले आहे त्याला हे पटवून देण्याची गरज नाही. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडणारी आणि मृगाच्या पावसानंतर फुगून भिंती तडकविणारी ती माती खणून काढून मुरूम भरल्याशिवाय शहाणा गवंडी पाया घेत नाही. तेथे फुगण्याचे कारण मातीचे द्रव्य आहे, येथे गोठणे आहे. परंतु पाणी हेच दोन्हीकडचे निमित्त, आणि दोन्हीकडचा उपाय खालून सुरू होतो. मराठी वाचकाने हे ज्ञान सोबत आणलेलेच आहे. फक्त परदेशातील यंत्रे आणि छापील दरपत्रके पाहून तो ते विसरतो, जसा मी विसरलो.

डांबराविषयी लेखकांनी जे लिहिले आहे ते परिपूर्ण आहे. मी दोनच गोष्टींवर भर देतो. अमेरिकेत डांबरी फरसबंदीचा आरंभ १८७० साली न्यू जर्सीतील न्यूअर्क येथे एडमंड डी स्मेट या बेल्जियन रसायनज्ञाने केला असे मानतात, आणि तेव्हापासून आजतागायत या मिश्रणाचे यश एकाच गोष्टीवर अवलंबून आहे, ती म्हणजे उष्णता. कारखान्यातून ते साधारण १५० अंश सेल्सियसला निघते आणि सुमारे ८० अंशांच्या खाली उतरण्यापूर्वी त्याची दाबणी पुरी व्हावी लागते. नंतर रोलर कितीही फिरविला तरी आतील पोकळ्या मिटत नाहीत, आणि त्या पोकळ्यांत पहिल्याच हिवाळ्याचे पाणी शिरते. थंड वाऱ्याच्या दिवशी दीड इंचाचा पातळ थर काही मिनिटांत निवतो. म्हणून हवा किमान १० अंश असावी हा दंडक, आणि म्हणूनच नोव्हेंबर संपताना येथील डांबराचे बहुतेक कारखाने हिवाळ्यासाठी बंद होतात. वसंतातही घाई चालत नाही: मेनमध्ये बर्फ वितळून रस्त्यांखालची माती भिजलेली असते तेव्हा कित्येक रस्त्यांवर २३,००० पौंडांहून जड गाड्यांना मनाई असल्याचे हुकूम लागतात, आणि खडीची गाडी तुमच्या दारापर्यंत येऊच शकत नाही. काम जूनपासून सप्टेंबरपर्यंत करावे. दुसरी गोष्ट जाडीची: कंत्राटदार सांगतो ती जाडी दाबण्यापूर्वीची की नंतरची, हे करारात लिहून घ्यावे; खालचा भरड थर दोन इंच आणि वरचा बारीक थर दीड इंच, दोन्ही दाबल्यानंतरचे, एवढे असले की घरच्या मोटारींसाठी पुरे.

सिमेंट काँक्रीटचा पक्ष घेणारे गृहस्थ मला अनेक भेटतात, कारण आपल्याकडे काँक्रीट म्हणजे प्रतिष्ठा. ते टिकाऊ आहे यात वाद नाही, परंतु या किनाऱ्यावर ते टिकते ते केवळ एका युक्तीमुळे. १९३० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील काही रस्त्यांचे पृष्ठ मीठ आणि हिम सोसूनही अभंग राहिलेले आढळले. शोध करता असे दिसले की ते सिमेंट ज्या गिरण्यांतून आले तेथे दळण सुलभ व्हावे म्हणून त्यात गुरांची चरबी घालीत, आणि त्या चरबीमुळे काँक्रीटमध्ये डोळ्यांना न दिसणारे हवेचे असंख्य बुडबुडे कोंडले गेले होते. गोठू पाहणारे पाणी त्या बुडबुड्यांत शिरून आपला ताण मोकळा करते. ट्रेव्हल पॉवर्स यांनी १९४० नंतर या क्रियेची उपपत्ती मांडली, आणि आज थंड प्रदेशातील उघड्या काँक्रीटमध्ये आकारमानाच्या सुमारे शेकडा ६ इतकी हवा मुद्दाम कोंडली जाते. मिक्सरची गाडी आली आणि तिच्या पावतीवर हवेचे प्रमाण नोंदलेले नसेल तर ती परत पाठविण्याचे धैर्य घरमालकाने दाखवावे. आणि ओतताना काम सोपे व्हावे म्हणून मजूर रबरी नळीने पाणी मिसळू लागला तर त्याचा हात धरावा.

मिठाचे सांगावयाचे ते येथेच सांगतो, कारण काँक्रीटचा खरा वैरी तेच. बर्फ वितळविण्यासाठी साधे मीठ टाकण्याची येथे रीत आहे. उणे ९ अंशांपर्यंत त्याचा उपयोग होतो, त्याखाली ते मंदावते, आणि कॅल्शियम क्लोराइड त्याहून पुष्कळ खाली काम देते. खतातील अमोनियम नायट्रेट किंवा सल्फेट मात्र कधीही वापरू नये. ते सिमेंटलाच खाते. परंतु १९५७ साली व्हर्बेक आणि क्लीगर या दोन संशोधकांनी जे दाखविले ते अधिक विचारात पाडणारे आहे. काँक्रीटचे पृष्ठ पापुद्र्यांनी सुटते ते तीव्र खारट पाण्याने सर्वाधिक नव्हे. शेकडा दोन ते चार अशा मध्यम द्रावणानेच ते सर्वाधिक सुटते. समुद्राचे पाणी शेकडा साडेतीन खारट असते. म्हणजे निसर्गाने या किनाऱ्यावर जे द्रावण भरून ठेवले आहे ते नेमके सर्वांत घातक प्रमाणाचे आहे, आणि वादळी भरती ते थेट अंगणात आणून सोडते. १३ जानेवारी २०२४ रोजी पोर्टलंडच्या बंदरात पाण्याची पातळी १४.५७ फुटांवर गेली आणि १९७८ च्या फेब्रुवारीतील १४.१७ फुटांचा उच्चांक मोडला. अशा पाण्याने धुतलेल्या ड्राइव्हवेवर नंतर गोड्या पाण्याचा मारा करून मीठ उतरविणे, हा त्या सप्ताहातील पहिला उद्योग असला पाहिजे. नव्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात मीठ टाकूच नये, वाळू टाकावी. हेच मीठ अंगणातून विहिरीत उतरते, हे ज्यांच्या घरी विहिरीचे पाणी आहे त्यांनी विशेषेकरून ध्यानात धरावे.

केप कॉडकडे गेलेल्या वाचकाने तेथील पांढऱ्या वाटा पाहिल्या असतील. त्या शिंपल्यांच्या चुऱ्याच्या. कोकणात आणि गोव्यात शिंपले भाजून चुना करण्याची जुनी चाल आहे. येथे ते न भाजता पसरतात, चाकांखाली ते चुरत जातात, पाणी त्यांतून निर्विघ्न खाली मुरते, आणि जे मुळातच विस्कळीत आहे त्याला तडा जाण्याचा प्रश्न येत नाही. दर काही वर्षांनी नवी भर घालावी लागते आणि हिम काढताना फाळ थोडा उचलून धरावा लागतो, एवढेच. (कुरव पक्ष्यांना मात्र डांबराचीच वाट प्रिय, ते शिंपली उंचावरून तिच्यावर टाकून फोडतात, आणि सकाळी अंगण झाडताना त्यांच्या न्याहारीचे अवशेष मिळतात.) पाणी आरपार जाऊ देणाऱ्या सच्छिद्र डांबराविषयी पुष्कळांना शंका असते की ते गोठून फुटेल. न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या पर्जन्यजल केंद्राने डरहॅम येथे २००४ साली असा वाहनतळ बांधून अनेक हिवाळे त्याचे निरीक्षण केले. खाली खडीचा जाड थर असल्यामुळे तो उत्तम टिकला, आणि पृष्ठावर पाणी साचत नसल्याने बर्फाचा काचेसारखा थर धरत नाही व मीठही पुष्कळ कमी लागते, असे दिसून आले. खर्च अधिक आहे. ज्यांची जागा समुद्राला किंवा खाडीला लागून आहे त्यांनी तरीही याचा गंभीर विचार करावा, असे माझे मत आहे.

कायद्याचा भाग लेखकांनी परिशिष्टात दिला आहे, तो कोणी वगळू नये. मॅसॅच्युसेट्समध्ये पाणथळ जागेपासून १०० फुटांच्या आत खणावयाचे तर गावच्या कॉन्झर्व्हेशन कमिशनपुढे अर्ज करावा लागतो. मेनमध्ये भरतीरेषेपासून २५० फुटांपर्यंत किनारपट्टीचे निर्बंध लागू आहेत. खणण्यापूर्वी ७२ तास अगोदर ८११ या क्रमांकावर वर्दी देऊन गॅस आणि वीज यांच्या वाहिन्यांची आखणी करून घेणे सक्तीचे आहे. आणि रस्त्याला मिळणाऱ्या तोंडासाठी वेगळा परवाना लागतो. पण याहून महत्त्वाचे एक आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत असते. मॅसॅच्युसेट्सच्या सामान्य कायद्यांतील प्रकरण १४२-अ घरदुरुस्तीच्या कंत्राटदारांना नोंदणी करावयास लावते, हजार डॉलरांवरील कामाचा करार लेखी करण्यास सांगते, आणि आगाऊ रकमेस एक-तृतीयांशाची मर्यादा घालते. मात्र त्याच कायद्याच्या अपवादांच्या यादीत डांबरकाम आणि ड्राइव्हवेची बांधणी व देखभाल यांचा स्पष्ट निर्देश आहे. ज्या कामात फसवणूक जमिनीखाली झाकली जाते, तेच काम या संरक्षणाच्या बाहेर ठेवले जावे, हा मला मोठा दोष वाटतो. तो दूर होईतोवर घरमालकाने कायद्यातील अटी आपल्या करारनाम्यात स्वतःच लिहून घ्याव्या: खोदाईची खोली, खडीची जाडी व प्रत, दाबलेल्या डांबराची जाडी, उताराची दिशा, पैशाचे हप्ते. आणि शेजारच्या गल्लीतील कामाचे डांबर उरले आहे, आजच्या आज अर्ध्या किमतीत टाकून देतो, असे म्हणत जो दार ठोठावतो त्याला नम्रपणे परत पाठवावे. डांबर मोजून मागवितात. शहाण्या कंत्राटदाराजवळ ते गाडीभर उरत नाही. वृद्ध आणि एकटे राहणारे लोक अशा ठकांचे सावज होतात, म्हणून आपल्या ओळखीतील अशा मंडळींना हे आवर्जून सांगावे.

दुरुस्ती की नवे काम, या प्रश्नाचे उत्तर भेगेच्या आकृतीवरून मिळते. एकटी, लांब, सरळ भेग ही वयाची खूण. पाव इंचाहून रुंद झाली की ती कोरडी असताना झाडून, गरम रबरमिश्रित डांबराने भरावी, आणि हे ऑक्टोबरपूर्वी करावे. कडा तुटत असतील तर कडेची माती वाहून गेली आहे असे समजून ती भरावी. परंतु मगरपाठीची जाळी दिसली, अथवा तीच जागा दरवर्षी उचलली जाऊन बसू लागली, तर वरून नवा थर चढविण्यास कोणी कितीही स्वस्तात तयार असला तरी तो चढवू नये. खालचा तडा एक-दोन हिवाळ्यांत वर उमटतोच, आणि तुम्ही एकाच खड्ड्याचे दोनदा पैसे देता. दर वर्षी काळा लेप लावण्याची जी हौस दिसते तीही अनाठायी आहे. लेपाने ऊन आणि पाणी काही अंशी अडते, म्हणून तीन-चार वर्षांतून एकदा तो लावण्यास हरकत नाही. पण पाया त्याने सुधारत नाही, आणि दगडी कोळशाच्या डांबरापासून केलेला लेप तर घरात आणूच नये. त्यातील कर्कजनक द्रव्ये झिजून धुळीबरोबर घरात व पावसाबरोबर ओढ्यात जातात. टेक्सासमधील ऑस्टिन शहराने २००६ साली त्यावर बंदी घातली, आणि मेननेही तोच मार्ग स्वीकारला आहे. डब्यावरील घटकांची यादी वाचून मगच तो विकत घ्यावा.

हे पुस्तक मराठीत लिहिले गेले, याचा मला विशेष आनंद आहे. इंग्रजीत अशी पुस्तके आहेत, आणि आपली माणसे ती वाचू शकतात. परंतु घरातील वडीलधारी मंडळी, जी हिवाळ्यातील सहा महिने मुलांकडे राहावयास येतात आणि खिडकीशी बसून मुलांपेक्षा अधिक काळ तो ड्राइव्हवे पाहत असतात, त्यांच्या हाती हे पुस्तक पडले तर कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते, कोणती भेग गेल्या वर्षीपेक्षा वाढली, याची नोंद त्यांच्याइतकी कोणी ठेवणार नाही. लेखकांनी शेवटी कोरी पाने जोडली आहेत ती याच हेतूने.

वाचकाला माझी एकच विनंती आहे. पुस्तकाचे पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी, किंवा कोणत्याही कंत्राटदाराला बोलावण्यापूर्वी, एका मोठ्या पावसात छत्री घेऊन अर्धा तास आपल्या दाराबाहेर उभे राहावे, आणि छपरावरून, उतारावरून, शेजाऱ्याच्या हद्दीतून आलेले पाणी कोठून कोठे जाते आणि कोठे थांबते, ते कागदावर रेखाटून तारखेसह जपून ठेवावे.